कत्तिरीतलं ड्रोन

कोपऱ्यावर ताडगोळेवाला दिसला की कत्तिरी आली असं समजायचं. यंदा तो परवा दिसला. मी एक ताडगोळा दाबून पाहिला, दुसरा उलटा करून पाहिला, तिसऱ्याचा वास घेतला. शेवटी तो तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, ताडगोळे घेताय की सून पसंत करताय?" मी चौथा उचलला. वरचे चार कोवळे आणि खालचे सगळे जून, ही युक्ती मला नवी नाही.

पंचांगात तिला अग्निनक्षत्र म्हणतात, बोलण्यात कत्तिरी. चेन्नईतला मे महिना. सकाळी नळ सोडला तरी चहाला ठेवता येईल असं पाणी येतं. गच्चीवर पाय ठेवायचा तर सूर्य उगवायच्या आत. त्याच वेळात आमच्या इमारतीतल्या मामी जुन्या धोतरांवर तांदळाच्या पिठाचे वडाम, म्हणजे आपल्या कुरडयांसारखे, वाळत घालतात, आणि मग दिवसभर प्रत्येकीला वाटत राहतं की शेजारणीचं धोतर आपल्या जागेत सरकलंय. दुपारी सगळं शहर समुद्राच्या वाऱ्याची वाट बघतं. आम्ही अड्यारचे लोक समुद्राजवळ, त्यामुळे वारा आधी आमच्याकडे येतो आणि मग अण्णा नगरला जातो. त्याचा आम्हाला उगीचच अभिमान आहे. ज्या दिवशी वारा येत नाही त्या दिवशी माणसं पूर्वेकडे तोंड करून गप्प बसतात आणि कोणाचं कोणाशी पटत नाही.

अशाच एका कत्तिरीत, गेल्या वर्षी, आमच्या रावांनी घरात ड्रोन बांधायला घेतलं. तेव्हापासून ही हवा तापायला लागली की मला राळ जळल्याचा वास येतो. कुठूनही येतो, खरा नसला तरी येतो.

राव म्हणजे माझे यजमान. माणसं तंजावरची, मराठी. तीनेकशे वर्षांपूर्वी कोणा सरदाराबरोबर इकडे आलेली आणि इथलीच झालेली. इथे अशा सगळ्यांना रावच म्हणतात. शेजारी ह्यांना 'राव सार' म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी कऱ्हाडची. लग्न ठरलं तेव्हा आईनं विचारलं होतं, "मराठी आहेत ना नक्की? नीट चौकशी केलीय ना?" पहिल्या भेटीत राव म्हणाले, "अमच्या घरांत अस्कं मराठीच अहे." अस्कं म्हणजे सगळं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं की हा माणूस काहीतरी लपवतोय.

संशय आमच्या माहेरचा. आई दूध आलं की बोटावर थेंब घेऊन बघायची. रिक्षावाल्याला रस्ता माहीत असला तरी ती मधूनमधून पाट्या वाचायची. मी इथल्या शाळेत हिंदी शिकवली, आणि वर्गात शांतता असली की मला आधी धडकी भरायची. नारळ वाजवल्याशिवाय मी घेत नाही, आणि वाजवूनही विश्वास ठेवत नाही. राव याच्या नेमके उलट. ते एन्नोरच्या बाजूला एका कारखान्यात नकाशे काढायचे, सगळा जन्म. संगणक आला तरी ह्यांचा हात गेला नाही. पट्टीशिवाय काढलेली ह्यांची रेघ साहेब लोक पाहुण्यांना दाखवायचे. स्वभाव रेघेसारखाच. आत काही वळणं असतील असं कधी वाटलंच नाही. म्हणून तर घडीच्या ड्रोनचं निघालं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"प्रवासाला न्यायचं," राव म्हणाले. "घडी घातली की पिशवींत बसेल असं."

आता हा माणूस लग्नानंतर मला तिरुपतीच्या पुढे कुठे घेऊन गेला नव्हता. कुंभकोणमला जायचं तरी ह्यांचे लोक, ह्यांचीच लग्नं. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पेपर वाचून झाला की पुन्हा तोच पेपर वाचायचे. आणि आता अचानक प्रवास. बरं, कुठे जायचं तर ते ठरलेलं नाही. पिशवी मात्र आधीच आणलेली. लहानशी, एका खांद्यावर बसणारी, एका माणसाची.

आधी स्वयंपाकघरातून माझी विळी गेली. कऱ्हाडहून आणलेली, पातं आडवं पाडून घडी होणारी. दिवाणखान्यात पाहिलं तर राव तिच्यापुढे मांडी घालून बसलेले आणि पातं उघडतायत, मिटतायत, उघडतायत. मी विचारलं, "काय शोधताय?" म्हणाले, "हें बिजागर बघ. पातं उभं राहिलं की हालत नाहीं. पाडलं की पडतं. मला असंच पाहिजे." मग तसंच बिजागर ड्रोनच्या चारही हातांना झालं. रिची स्ट्रीटवरून मोटरी आल्या, पंखे आले, काळ्या कार्बनच्या नळ्या आल्या. माझा स्वयंपाकघरातला काटा गेला, कारण वजन एका मर्यादेत राहिलं तर परवान्याच्या भानगडी कमी, असं म्हणे. मी मोहरी अंदाजानं घालायला लागले आणि तिकडे हे एकेक स्क्रू तोलत बसले. शेवटी बाल्कनीत मातीचं मडकं आलं. त्यात बॅटरी ठेवून चार्ज करायची, पेटली तर मडक्यातच पेटावी म्हणून. समोरच्या पद्मा मामींनी मला हळूच विचारलं, "मडकं? घरात काही शांत-बिंत केलीत का?"

तरी ह्या सगळ्यात एक गोष्ट खटकत होती ती मला नीट पकडता येईना. म्हणायला राव बांधत होते, पण खरं बांधत मीच होते.

"तुझी नजर चांगली अहे, हा तार जोड." मी जोडला. "वडाम घालणारे हात तुम्हा बायकांचे, हा बारीक स्क्रू तूंच लाव." मी लावला. वडाम मी कधीच घातले नाहीत, ते मामी घालतात. पण स्तुती ऐकून माणूस बसतंच. पंखा बंद ठेवायचा, कारण तारांना डाग द्यायची, सोल्डरिंगची कांडी गार होते. कत्तिरीची दुपार, पंखा बंद, माझ्या हातात तापलेली कांडी, नाकात राळेचा धूर, आणि राव शेजारी हात पाठीमागे बांधून उभे, वर्गातल्या मास्तरांसारखे. मी म्हणे, "तुमचे हात काय मेंदी लावून बसलेत?" ते हसायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते सांध्यांबद्दल. ड्रोनचा हात उघडून ते मला धरायला लावायचे आणि विचारायचे, "आट्टम अहे काय?" आट्टम म्हणजे हलणं, ढिलेपणा. "जरा पण आट्टम नको. इथं केसाएवढं हाललं कीं वर दहापट हालतं." मग मधल्या चौकोनी पाटीवर माझ्याकडून ते बारकं यंत्र बसवून घेतलं, जे उडताना तोल राखतं. "कोण धक्का दिला तरी हें ओळखतं. इकडची मोटर जरा जास्त, तिकडची कमी. क्षणांत सरळ." राव त्या एवढ्याशा यंत्राकडे फार वेळ बघत राहिले. हेवा वाटल्यासारखे. माझ्या ते लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ भलताच लावला.

कारण त्याच सुमारास राव सलूनमध्ये दाढी करायला जाऊ लागले होते. जन्मभर घरी, आरशापुढे, बनियनवर दाढी करणारा माणूस. आता दर दिवसाआड सलून. विचारलं तर म्हणाले, "तिथं एसी अहे." परत येताना गाल गुळगुळीत आणि अंगाला पावडरीचा वास. पद्मा मामी जिन्यात म्हणाल्या, "राव सार आजकाल फारच स्मार्ट दिसतात हं. कुठे टूर आहे म्हणे?" मामींना टूरचं कोणी सांगितलं? मी तर नाही. नवी पिशवी, चकचकीत गाल, एका माणसाचा प्रवास. हसू नका, ह्या वयातसुद्धा माणसाच्या मनात काय काय येतं. पाणी कुठेतरी मुरत होतं, एवढं नक्की.

मी नजर ठेवायला लागले. फोन आला की कान तिकडे. सलूनच्या समोरच्या दुकानात एकदा मी विनाकारण बटणं घ्यायला गेले. राव आत खरोखरच दाढी करून घेत होते, डोळे मिटून. एसी खरोखरच होता. मला बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटलं, म्हणजे मग दुसरं काहीतरी आहे.

मग कॉफी. इथली कॉफी स्टीलच्या पेल्यात येते, खाली वाटीसारखा डवरा. पेल्यातली डवऱ्यात, डवऱ्यातली पेल्यात, उंचावरून ओतून निववायची आणि फेस आणायचा. रावांची धार हातभर लांब पडायची आणि थेंब सांडायचा नाही. लग्नानंतर मी ती बघत बसायचे. खरं सांगायचं तर त्या धारेवरच मी भाळले होते. त्या कत्तिरीत राव कॉफी तशीच ठेवून द्यायला लागले. "गरम नको, कत्तिरी अहे ना." मी आत जाऊन आले की पेला रिकामा होऊन पडलेला. डवरा कोरडा. मी बोट फिरवून पाहिलं, अगदी कोरडा. कॉफी कुंडीत ओततात की काय म्हणून मी तुळशीची मातीसुद्धा हुंगली.

शेवटी एकदा सरळ विचारलं. "खरं सांगा, कुणाबरोबर जाताय?"

"तुझ्याबरोबर."

"मग पिशवी एकाची का?"

"ती ड्रोनची पिशवी अहे गं," राव म्हणाले, आणि इतके मोकळे हसले की माझा संशय आणखी वाढला.

ड्रोन तयार झालं. घडी घातली की माझ्या पोळपाटाहून लहान. शहरात उडवायची सोय नाही, विमानतळ काय, समुद्र काय, सगळीकडे मनाई. म्हणून चेंगलपट्टूच्या पलीकडे ह्यांच्या चुलतभावाचं शेत आहे तिथे गेलो. भुईमूग काढून झालेला, जमीन उघडी. भल्या सकाळी टॅक्सीनं पोचलो. बांधावर ताडाची झाडं, आणि एक पान हलत नव्हतं. मातीला रात्रीचा थोडा गारवा होता, चपला काढून उभं राहावंसं वाटलं.

चारही हात मीच उघडले, चाप मीच लावले. मग रावांनी रिमोट माझ्यापुढे केला. "डोळ्यावर ऊन येतंय. तूं उडव."

सूर्य आमच्या पाठीशी होता.

"ऊन पाठीमागे आहे," मी म्हणाले. सापडला चोर, असं मला झालं. हे पडणार असलं तर माझ्या हातून पडावं, आणि मग जन्मभर ऐकवायला मोकळे. "सगळं मी करायचं आणि मोडलं की तेही मीच? तुम्हीच उडवा."

रावांनी दोन्ही कोपरं पोटाशी गच्च दाबली आणि रिमोट धरला. पंखे फिरले, धूळ उडाली, ड्रोन वर चढलं. माझ्या हातचं, मी जोडलेल्या तारांचं. मला एकदम अभिमान वाटला. आणि मग ते थरथरायला लागलं. डावीकडे कललं, सावरलं, उजवीकडे कललं. बिचारं मधलं यंत्र सावरत होतं आणि खालून पुन्हा धक्का येत होता. मग ते तिरकं होऊन ढेकळांवर पडलं आणि एक हात बिजागरात मोडला.

मी रावांकडे वळले, बोलायला तोंड उघडून. ड्रोन पडलं होतं, पंखे थांबले होते, सगळं संपलं होतं, आणि रावांचा उजवा अंगठा रिमोटवर अजून हलत होता. आपल्या मनानं. ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

दाढी. कॉफी. पाठीमागे बांधलेले हात. आट्टम. सगळं एका जागी येऊन बसलं. इतके दिवस मी बाहेर चोर शोधत होते.

"वारा होता," राव म्हणाले.

ताडाचं एक पान हलत नव्हतं. माझ्या जिभेवर ते आलंसुद्धा. पण मी म्हणाले, "हो, वारा होता खरा. मोकळ्या रानात असतोच."

मोडलेलं ड्रोन पिशवीत भरून टॅक्सीत बसलो. राव खिडकीबाहेर बघत होते. बराच रस्ता गेल्यावर तिकडेच बघत म्हणाले, "ऊन पाठीमागे अहे म्हणून भांडलीस. वाऱ्याला मात्र भांडली नाहींस."

मी पिशवीची चेन उगीच उघडून मिटली.

"लग्नापासून माझी एक गोष्ट तूं तपासल्याशिवाय घेतली नाहींस. आज घेतलीस. म्हणजे तुला कळलं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पोंगलपासून. हें बांधायला घेतलं तें हातांची परीक्षा म्हणून. लगेच नापास. मग तुला बसवलं."

"डॉक्टर?"

"गेलों नाहीं. नांव कळलं कीं तें घरांत येऊन बसतं."

मला ह्यांचा राग आला. इतका की टॅक्सी थांबवून उतरावं. मग ड्रायव्हरला मराठी कळत नाही म्हणून मी रडून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या आजाराला कंपवात म्हणतात. राव म्हणाले तसंच झालं, तो घरात येऊन बसला. पण गोळ्याही आल्या, आणि गोळ्यांनी त्याला बरंच कोपऱ्यात बसवलं. ड्रोनचा हात बदलला. थंडीत आम्ही कऱ्हाडला गेलो, दोघंही, ड्रोनची पिशवी माझ्या खांद्यावर. संगमावर मी ते उडवलं आणि राव पडद्यावर बघत राहिले. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात ते मी लहानपणापासून काठावरून बघत आले; वरून तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "अस्कं दिसतंय," राव म्हणत होते, "अस्कं दिसतंय."

आजारानं माझं एक बिघडवलं. मी विश्वास ठेवायला लागले. गोळी घेतली म्हणाले, हो. झोप लागली म्हणाले, बरं. आजारी माणसाशी कुठे खरं-खोटं करत बसायचं? नारळ मात्र अजून वाजवून घेते. माणसाला वाजवून बघायचं धाडस होत नाही, आतून काय आवाज येईल सांगता येत नाही.

काल दुपारी राव ड्रोन पुसत बसले होते. हल्ली उघडमीट तेवढी तेच करतात, डॉक्टर म्हणाले बोटांना चांगलं. वारा आला नव्हता, सगळी इमारत चिडून बसलेली. एक हात मिटताना त्यांच्या बोटांतून ड्रोन सुटलं आणि फरशीवर आपटलं.

"घाम," राव म्हणाले. "कत्तिरी. हात ओला झाला."

"हो ना," मी म्हणाले, "घाम येतोच फार."

ते उचलायला वाकले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. "गेल्या खेपेला डॉक्टरांनी तुला मागं थांबवलं. काय म्हणाले?"

"काही नाही. पथ्य."

"मग अशी विश्वास कां ठेवायला लागलीस? तूं माझं ऐकायला लागलीस कीं मला भीती वाटते बघ."

डॉक्टरांनी मला मागं थांबवलं होतं हे खरं. ते काय म्हणाले ते मी कोणाला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं ह्यांच्यावर नजर ठेवण्यात गेली, आणि आता लपवायचं माझ्याकडे आलं. मला ते येत नाही. मला एकच गोष्ट येते.

मी उठले आणि त्यांचा हात ओढून घेतला. तळवा उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला.

"कुठंय घाम?" मी मोठ्यांदा म्हणाले. "ठणठणीत कोरडा आहे हात! मला काय खुळी समजलात? सकाळची गोळी घेतलीत का, खरं सांगा. जीभ दाखवा."

राव हसले. खांदे खाली आले, चेहरा सैल झाला. "सरी, सरी, बरं बरं," ते म्हणाले, "खोटं बोललों. विसरलों गोळी." आणि शहाण्या मुलासारखी जीभ बाहेर काढली.

मी जीभ बघितली, डोळे बघितले, पुन्हा तळव्याकडे वळले. हात माझ्या हातात थरथरत होता. मी तो बराच वेळ धरून ठेवला, अजून तपासतेय असं दाखवत.